पेल्यातले उसने धैर्य

१५७४ साली स्पॅनिश सैन्याचा वेढा महिनोन्‌महिने सोसून, उपासमारीने आणि रोगराईने अर्धमेल्या झालेल्या लायडन शहराची सुटका झाली, तेव्हा त्या शहराने दाखविलेल्या धीराची कदर म्हणून ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याने दुसऱ्याच वर्षी, १५७५ च्या फेब्रुवारीत, तेथे विद्यापीठ स्थापन केले. आणि त्या विद्यापीठाच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना जे विशेषाधिकार लाभले, त्यांत बिअर आणि वाइन यांवरील जकातमाफी हाही एक होता. आजच्या वाचकाला या सवलतीचे नवल वाटेल. परंतु ज्या काळी शहरातले पाणी विश्वासाने ओठांना लावावे असे नव्हते आणि सौम्य बिअर हे घरोघरचे नित्याचे पेय होते, त्या काळी ही माफी विद्यार्थ्याच्या शिधापाण्याचाच भाग होती. ती केव्हाच इतिहासजमा झाली. पण नेदरलँड्समधील विद्यार्थिजीवन आणि बिअरचा पेला यांची सोबत मात्र सुटली नाही. या सोबतीत तरुण मुलामुलींचे प्रेम कोठे उमलते, कोठे कोमेजते आणि कोठे तुडवले जाते, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. कारण आज आपल्याही घरांतील मुले डेल्फ्ट, आइंडहोवन, वाखेनिंगन अशा नगरांत शिकावयास जात आहेत, आणि त्यांना निरोप देताना आपण थंडीचे कपडे व मसाल्याचे डबे यांविषयी जितके बोलतो, त्याच्या शतांशही या विषयावर बोलत नाही.

शुक्रवारी दुपार कलली, की तेथील विद्यापीठांच्या आवारात, विद्यार्थी-मंडळांच्या जुन्या वास्तूंत आणि कालव्याकाठच्या पानगृहांत तरुणांचे घोळके जमू लागतात. या जमण्याला डच भाषेत ‘बोरल’ असे नाव आहे. आपल्या भाषेने संस्कृतातून घेतलेला ‘पानगोष्ठी’ हा शब्द त्याच्या फार जवळ जातो. कारण त्यात ‘पान’ जितके आहे तितकीच ‘गोष्ठी’ही आहे, आणि बोरलला येणाऱ्या बहुतेकांना ओढ असते ती पेल्याची नसून माणसांची असते. ऊबदार, आपलेपणाच्या, मोकळ्या सहवासाला डच माणूस ‘खेझेलिख’ म्हणतो, आणि हा त्याच्या भाषेतला अतिशय लाडका शब्द आहे. पाळीपाळीने एकेकाने सर्वांसाठी पेले आणावयाचे हा तेथला शिरस्ता. त्यामुळे पाच जणांच्या टोळक्यात ज्याला एकच पेला घ्यावयाचा होता, त्याच्याही पुढ्यात नकळत पाच पेले येऊन जातात. जेथे अशी पाळी नसते, तेथे २०१६ साली एका डच बँकेने काढलेल्या ‘टिकी’ नावाच्या मोबाइल सुविधेने ज्याच्या त्याच्या वाट्याचे पैसे दुसऱ्या दिवशी चोख मागितले जातात, आणि पहिल्याच भेटीला गेलेले युगुलही याला अपवाद नसते. पैशाचा हिशेब इतक्या निःसंकोचपणे मांडणारा हा समाज मनातला हिशेब मांडताना मात्र पेल्याचा आधार शोधतो, ही गोष्ट मला प्रथमपासून विचार करावयास लावणारी वाटली.

तेथील तरुणांच्या प्रेमव्यवहाराला त्यांची स्वतःची परिभाषा आहे. दोघांनी एकमेकांना आपले मानले, आणि ते मित्रमंडळींत व घरी सर्वांना ठाऊक झाले, की त्या नात्याला ‘फरकेरिंग’ म्हणतात. आणि ज्या संबंधाला अजून नाव नाही, वचन नाही, उद्याची खात्री नाही, अशा संबंधातील व्यक्तीला ‘स्खारल’ म्हणतात. या दोन अवस्थांच्या मधला जो अनिश्चिततेचा पट्टा आहे, त्यातच मद्याचा वावर सर्वांत अधिक असतो. फरकेरिंगमध्ये असलेली जोडपी घरी स्वयंपाक करतात, सायकलींवरून समुद्रकिनारी जातात, परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयात शेजारी शेजारी बसतात. परंतु ज्यांना आपले मन अजून उघड करावयाचे आहे, आणि समोरच्याचे मन अजून वाचता आलेले नाही, त्यांची भेट बहुधा रात्री, गर्दीत, कर्कश संगीतात आणि तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतर घडते. बाहेर पडण्यापूर्वी खोलीवरच स्वस्तातले पेय घेऊन तयारीने निघावयाचे, या प्रकारालाही त्यांच्या भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे. म्हणजे ज्या क्षणी दोन माणसांनी एकमेकांना नीट ऐकावे, पाहावे आणि समजावून घ्यावे, नेमक्या त्याच क्षणी दोघांचीही ऐकण्याची, पाहण्याची आणि समजण्याची शक्ती मंदावलेली असते.

असे का व्हावे? मद्याने धीर येतो, ही समजूत फार जुनी आहे, आणि योगायोगाची गोष्ट अशी, की इंग्रजी भाषेने तर या उसन्या शौर्याला ‘डच धैर्य’ असेच नाव देऊन ठेवले आहे. परंतु हे धैर्य पेल्यातून येते की पेल्यावरच्या श्रद्धेतून, याचा शोध शास्त्रज्ञांनी मोठ्या चिकाटीने घेतला आहे. १९७३ साली अॅलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना व्होडका मिसळलेले पेय म्हणून नुसतेच टॉनिक देण्यात आले, तर काहींना नुसते टॉनिक म्हणून व्होडकायुक्त पेय देण्यात आले. आणि असे दिसून आले, की माणूस किती पितो हे पेल्यात काय आहे यापेक्षा पेल्यात काय आहे असे त्याला वाटते, यावर अधिक अवलंबून होते. पुढे १९९० साली क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी मद्याच्या परिणामाला दृष्टिसंकोचाची उपमा दिली: मद्यपान केलेल्या माणसाचे अवधान आखडते, त्याला समोरचे, ठळक आणि तात्कालिक तेवढे दिसते, आणि दूरचे, सूक्ष्म व परिणामांचे जे जे काही असते, ते दृष्टीच्या कडेबाहेर जाते. समोर आवडती व्यक्ती असली, तर तिचे हसणे दिसते. त्या हसण्यामागचा संकोच, मागे सरकलेले पाऊल, दाराकडे गेलेली नजर ही मात्र दिसत नाही.

याच विषयावर नेदरलँड्समध्ये झालेला एक प्रयोग परदेशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. मास्ट्रिख्त विद्यापीठात शिकणाऱ्या आणि नुकतीच डच भाषा शिकलेल्या ५० जर्मनभाषी विद्यार्थ्यांपैकी काहींना अल्प प्रमाणात मद्य व इतरांना मद्यविरहित पेय देऊन त्यांना डच भाषेत संभाषण करावयास लावले, तेव्हा ऐकणाऱ्या परीक्षकांना मद्य घेतलेल्यांचे डच, विशेषतः उच्चार, किंचित सरस वाटले. बोलणाऱ्यांना मात्र स्वतःच्या बोलण्यात काही फरक जाणवला नाही. या संशोधनाला २०२५ साली ‘इग नोबेल’ हे विनोदी ढंगाचे पारितोषिक मिळाले. पण परक्या देशात, परक्या भाषेत एखाद्या मुलीशी किंवा मुलाशी दोन शब्द बोलताना जिभेला किती गाठी पडतात, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या प्रयोगाचा अर्थ तत्काळ उमगेल. पहिला पेला संकोच थोडा सैल करतो हे खरे आहे, आणि ते नाकारून तरुणांना उपदेश करणाऱ्याचे बोलणे कोणी ऐकणार नाही. खोट आहे ती पुढच्या हिशेबात. डच मोजमापाप्रमाणे एका प्रमाणित पेल्यात १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि तेवढ्याचा निचरा करावयास शरीराला सुमारे दीड तास लागतो. म्हणून रात्री नऊला सुरुवात करून सहा पेले रिचविणाऱ्याचे रक्त पहाटे सहाच्या सुमारास कोठे निवळते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच पेल्यांनी तिच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण अधिक चढते. पाळीपाळीने पेले आणण्याचा शिरस्ता हा भेद जाणत नाही.

नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठाने आपल्या इमारतीत हुबेहूब पानगृहासारखी एक प्रयोगशाळा उभारली होती, आणि तेथे रटखर एंगल्स यांच्या संशोधक-गटाने तरुणांच्या पिण्याचे निरीक्षण केले. शेजारी बसलेला माणूस ज्या गतीने पितो, ती गती तरुण माणूस नकळत उचलतो, हे या निरीक्षणांतून पुढे आले. आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, ज्या तरुणांना मद्यपानाची दृश्ये असलेला चित्रपट व मद्याच्या जाहिराती दाखविल्या, ते इतरांपेक्षा सरासरीने दीड पेला अधिक प्याले. प्रथमभेटीचा विचार या प्रकाशात करून पाहावा. दोघेही एकमेकांना आवडू इच्छितात, दोघेही एकमेकांच्या हालचालींचे प्रतिबिंब होऊ पाहतात, आणि म्हणून दोघांनाही मनातून नको असलेला आणखी एक पेला दोघेही केवळ दुसऱ्याचे मन मोडू नये म्हणून मागवतात.

येथे डच समाजाची एक वेगळी बाजू सांगितली नाही, तर त्याच्यावर अन्याय होईल. अमेरिकेत काम करणाऱ्या एमी शॅलेट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकन आणि डच आईबापांची तुलना करून दाखविले आहे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे प्रेम जेथे अमेरिकन घरात दाराबाहेर ठेवले जाते, तेथे अनेक डच घरांत त्या प्रेमपात्राला रात्रीच्या जेवणाला बोलावतात, त्याच्याशी ओळख करून घेतात, आणि नाते स्थिर असल्याची खात्री पटली तर मुक्कामाचीही मुभा देतात. शाळांतून ‘रटखर्स’ या संस्थेच्या पुढाकाराने दर वसंत ऋतूत देह, स्नेह आणि मर्यादा यांविषयी बालवयापासून शिकविले जाते. जे घरात, उजेडात, वडीलधाऱ्यांच्या देखत बोलता येते, त्यासाठी काळोखाची गरज पडत नाही, ही या रीतीमागची श्रद्धा. आणि किशोरवयीन मातृत्वाचे प्रमाण तेथे अत्यल्प आहे, हा त्या श्रद्धेच्या बाजूचा दाखला आहे. परंतु घरच्या टेबलाशी शिकलेली ही भाषा, मुलगा अठराव्या वर्षी घर सोडून विद्यार्थ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात गेला, की पुष्कळदा तेथेच मागे राहते.

हे का घडते, ते कळण्यासाठी तेथील जुन्या विद्यार्थी-मंडळांकडे पाहिले पाहिजे. ग्रोनिंगेनचे ‘फिंदिकात’ १८१५ सालचे, उत्रेख्तचे १८१६ चे, लायडनचे १८३९ चे. या मंडळांतून मंत्री, न्यायाधीश, उद्योगपती बाहेर पडले, आणि आयुष्यभर पुरणारी मैत्रीही हजारोंना मिळाली. पण ही मंडळे स्थापन झाली तेव्हा विद्यापीठात स्त्री नव्हती. अलेटा याकोप्स या तरुणीला ग्रोनिंगेन विद्यापीठात प्रवेश मिळाला तो १८७१ साली. विद्यार्थिनींच्या स्वतंत्र संघटना शतकाच्या अखेरीस निघाल्या, आणि अनेक शहरांत दोहोंचे एकत्रीकरण झाले ते १९७० च्या आगेमागे. उत्रेख्तमध्ये तर पुरुषांचे व स्त्रियांचे मंडळ आजही वेगळे आहे. पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेल्या त्या जगात मद्य हे एकनिष्ठेचे प्रमाण होते: नवागताने किती सोसले, किती रिचविले, यावर त्याचे पुरुषत्व जोखले जाई. याचा कडेलोट १९९७ साली ग्रोनिंगेनमध्ये झाला, जेव्हा प्रवेशकाळात प्रचंड प्रमाणात येनेव्हर हे जालीम मद्य प्यालेला एक नवा विद्यार्थी मरण पावला.

आणि जेथे पेल्याने पुरुषत्व जोखले जाते, तेथे स्त्रीही हळूहळू मोजमापाची वस्तू होते. २०१६ साली त्याच ग्रोनिंगेनच्या मंडळातील काही तरुणांनी विद्यार्थिनींची नावे लिहून त्यांना शरीराच्या व शय्येच्या निकषांवर गुण देणारी यादी फिरविली. २०२२ साली अॅम्स्टरडॅममधील जुन्या मंडळाच्या उत्सवी मेजवानीत पुरुष सभासदांसमोर स्त्रियांविषयी इतकी हीन भाषणे झाली, की नगराध्यक्षा फेम्के हाल्सेमा यांना जाहीर निषेध करावा लागला. आणि २०२४ साली उत्रेख्तमध्ये पुन्हा तशीच यादी, या वेळी छायाचित्रांसह, पसरली. ही तुच्छता मद्याने निर्माण केली, असे मी म्हणणार नाही. तुच्छता आधीपासून असते. मद्य तिला व्यासपीठ देते, टाळ्या देते, आणि दुसऱ्या दिवशी ‘नशेत होतो’ अशी सबब देते. ज्या यादीत एका मुलीचे नाव असते, त्या यादीत तिचा वर्गमित्रही कदाचित हसून भर घालत असतो, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्याशी बोलताना तो कोणत्या तोंडाने प्रेमाचा उच्चार करणार आहे, हा प्रश्न मला त्या यादीइतकाच गंभीर वाटतो.

या सर्वांचा सर्वांत वेदनादायी भाग अद्याप सांगावयाचा आहे. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या डच शाखेने २०२१ साली करविलेल्या पाहणीत ११ टक्के विद्यार्थिनींनी आणि १ टक्का विद्यार्थ्यांनी सांगितले, की शिक्षणाच्या काळात त्यांच्यावर बलात्कार झाला. दर नऊ मुलींमागे एक. मद्याच्या अंमलाखाली माणूस चालतो, बोलतो, हसतो, प्रसंगी होकारार्थी मानही हलवितो, परंतु मेंदूतील स्मृती नोंदविण्याचे काम त्या वेळी पूर्ण बंद पडलेले असू शकते; सकाळी त्या तासांच्या जागी केवळ पोकळी उरते. अशा अवस्थेतील मौन किंवा अस्फुट शब्द यांना संमती मानणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेऊन त्यावर मागाहून खरेदीखत लिहिण्यासारखे आहे. जुन्या डच कायद्यात बलात्कार शाबीत व्हावयास बळजबरीचा पुरावा लागे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही कसोटी बदलली: समोरच्या व्यक्तीची इच्छा नव्हती हे ज्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असावयास हवे होते, तो गुन्हेगार ठरतो. म्हणजे विचारण्याची जबाबदारी आता पुढाकार घेणाऱ्यावर आली आहे, आणि समोरची व्यक्ती नशेत असणे ही संधी नसून थांबण्याची खूण आहे. अत्याचार झालेल्यांसाठी देशभर ‘सेंट्रुम सेक्स्युएल खेवेल्ड’ या नावाची केंद्रे रात्रंदिवस खुली असतात. वैद्यकीय, मानसिक आणि पोलिसी मदत तेथे एकाच ठिकाणी मिळते, आणि पहिल्या सात दिवसांत जाणे विशेष हिताचे असते. परदेशात मूल असलेल्या प्रत्येक आईबापाला हे नाव ठाऊक असावे, असे मला कळकळीने वाटते.

सरकारने हातपाय हलविले नाहीत, असे नाही. १ जानेवारी २०१४ पर्यंत तेथे सोळाव्या वर्षी बिअर व वाइन विकत घेता येत असे. त्या दिवसापासून अठरा वर्षांखालील कोणालाही मद्यविक्रीस मज्जाव झाला. त्याआधीच, २००६ साली, डेल्फ्टमधील बालरोगतज्ज्ञ निको फान डर लेली यांनी अतिमद्यपानाने बेशुद्ध होऊन येणाऱ्या किशोरांसाठी खास चिकित्सालय सुरू केले होते, आणि जनमत घडविण्यात त्यांच्या कळकळीचा मोठा वाटा होता. २०१५ साली तेथील आरोग्य परिषदेने प्रौढांनाही सल्ला दिला, की मद्य घेऊच नये, आणि घेतलेच तर दिवसाला एका पेल्यापलीकडे जाऊ नये. २०२१ च्या कायद्याने दुकानांतील मद्यावर पंचवीस टक्क्यांहून अधिक सूट देण्यास बंदी केली. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, परवान्याची अट, बिअरला एकवीस आणि तीव्र मद्याला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा असा कितीतरी कडक बंदोबस्त आहे. परंतु दोन्ही देशांच्या अनुभवावरून एवढेच दिसते, की कायदा पेला दूर ठेवू शकतो. पेला ज्यासाठी उचलला जातो, त्या एकटेपणाला आणि संकोचाला तो हात लावू शकत नाही.

येथे मला गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची आठवण होते. सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयातील प्रसंगाने त्याची सनद तात्पुरती रद्द होते, अपमानाने तो जळू लागतो, आणि तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. सिंधूसारखी पत्नी घरात असताना त्याने आपले दुःख तिच्याजवळ बोलावे, ते न करता तो ते पेल्याजवळ बोलतो. गडकऱ्यांच्या नाटकात मद्य विवाहानंतर येते आणि संसार मोडते. डच विद्यार्थ्याच्या जीवनात ते नात्याच्याही आधी येते आणि नाते जोडण्याचा आव आणते. देश वेगळे, शतके वेगळी, पण मूळ चूक एकच आहे. जी भावना एका जिवंत माणसापुढे उघड करावयाची, ती पेल्यापुढे उघड केली जाते. सुधाकराला लाज लपवावयाची होती, आजच्या तरुणाला भीती लपवावयाची आहे. आणि जे लपविले जाते, ते बरे होत नाही.

आपल्या मराठी घरांतून गेलेल्या मुलामुलींवर हा भार दुहेरी असतो. डच मुलाने निदान घरी प्रेम हा शब्द मोठ्याने ऐकलेला असतो. आपल्याकडे तो शब्द आणि दारू हा शब्द, दोन्ही दबक्या आवाजात उच्चारले जातात. असा मुलगा पहिल्या बोरलला कोपऱ्यात संत्र्याचा रस घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याला वाटते की आपण या समाजाबाहेर आहोत. आणि आत शिरण्याची एकच वाट दिसते म्हणून तो ती धरतो. अशी मुलगी काही अघटित घडले, तर घरी सांगू शकत नाही. कारण ‘तू तेथे गेलीसच का, प्यायलीसच का’ हा प्रश्न आधी येईल, हे तिला पक्के ठाऊक असते. तो प्रश्न आधी विचारणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पिणे ही चूक असू शकेल, पण अत्याचार हा गुन्हा आहे, आणि तो ज्याने केला त्याचाच आहे.

आशेला जागा नाही, असे मात्र मुळीच नाही. मद्यार्कविरहित बिअर, जी एके काळी थट्टेचा विषय होती, ती २०१७ नंतर मोठ्या कारखानदारांनीच नव्या जोमाने बाजारात आणल्यामुळे आज तेथील पानगृहांत निःसंकोच मागता येते, आणि हाती पेला असूनही डोके ठिकाणावर ठेवण्याची सोय झाली आहे. तरुणांनी तेथे गेल्यावर काही साधे नियम स्वतःशी बांधून घ्यावेत: पहिली भेट दिवसा, कॉफीच्या टेबलाशी किंवा सायकलवर व्हावी, पेल्यांच्या पाळीत आपली पाळी सांगून सोडावी, आणि जे रात्री म्हणावेसे वाटले, ते सकाळीही म्हणवते का, हे पाहून मगच त्याला प्रेम म्हणावे. आईबापांनी निरोपाच्या आधीच एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि ज्या विषयांवर आपल्या घरात कधी कोणी बोलले नाही, त्यांवर अडखळत का होईना, बोलावे.

ग्रोनिंगेनच्या भरचौकात त्या जुन्या मंडळाची वास्तू उभी आहे, आणि तिचे लॅटिन नाव आहे ‘मूतुआ फीदेस’, म्हणजे परस्परविश्वास. ज्यांनी ते नाव ठेवले, त्यांच्या मनात पुरुषांपुरताच विश्वास असेल. परंतु शब्द त्यांच्यापेक्षा मोठा निघाला. आज त्या नावाखालून आत जाणाऱ्या प्रत्येक तरुणतरुणीने जर त्याचा पुरा अर्थ मनावर घेतला, तर त्या वास्तूत पेले असोत वा नसोत, तेथे कोणालाही धैर्य उसने आणावे लागणार नाही. कारण ज्याच्यापुढे आपण अडखळलो तरी तो हसणार नाही, आणि ‘नको’ म्हटले तरी रागावणार नाही, अशा माणसापुढे बोलावयास निराळा धीर लागतच नाही.